आधी मागणं

“प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो,” अशी पाळकसाहेबांनी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सुरुवात केली, तोच दीनाबाईंनी डोळे उघडले. “थांबा. ते शेवटी म्हणायचं असतं.”

त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेली नवऱ्याची कवळी होती. आत नेण्यापूर्वी नर्सनं ती काढून दिली होती. हृदय दुबळं आहे, धोका मोठा आहे, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

पाळकसाहेबांची प्रार्थना तशी पक्क्या हिशोबाची. लग्नात, मर्तिकात, दवाखान्यात सारखीच चालणारी. पुढे काहीही घडलं तरी खोटी न पडणारी.

“बाई, सगळं त्याच्याच हाती आहे ना?”

“आहे, म्हणूनच त्याच्याकडे मागायचं. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री बागेत प्रभूनंही आधी ‘हा दुःखाचा प्याला टळू दे’ म्हटलं, बापाच्या इच्छेचं नंतर. आमचे मास्तर जिवंत बाहेर येऊ देत, असं सरळ म्हणा. मागायला कसली भीड?”

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. “प्रभू, मास्तरांना जिवंत बाहेर आण.” पळवाट न ठेवता मागताना त्यांचा आवाज कापला. मग ते अडले. “आता पुढचं?”

“ते मी म्हणते.” दीनाबाईंनी रुमाल घट्ट धरला. “तरी माझ्या मनासारखं नको, बापा. तुझ्या मनासारखं कर.” एकही शब्द त्यांनी गाळला नाही.

“आमेन,” म्हणून त्या उठल्या.

“कुठे निघालात?”

“कवळी धुऊन आणते. शुद्धीवर आले की आधी तीच मागतील.”