लाल खांब

"बाबांना का काढलंत, ते मला तोंडावर सांगा, काका!"

असं म्हणत ती साहेबांच्या केबिनमध्ये घुसली, तेव्हा तिच्या पाठीवर शाळेचं दप्तर होतं आणि बाबा त्याच दप्तराचा पट्टा धरून तिला मागे ओढत होते. "अगं, चल घरी. शोभतं का हे?"

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीत बाबा बावीस वर्षं फिटर होते. सगळ्यात जुने, म्हणून फिटर नंबर एक. सकाळी साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, पुढच्या महिन्यापासून येऊ नका.

साहेब चिडले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं. "कारण ते बघ."

पडद्यावर सहा खांब होते. पाच बुटके, निळे. पहिला लालभडक, थेट वरच्या कडेला टेकलेला. खाली लिहिलं होतं : दुरुस्तीनंतर पुन्हा आलेल्या तक्रारी, फिटरनुसार.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण क्षणभरच. तिने दप्तर खाली आपटलं.

"हा तक्ता चुकलाय."

"असं?" साहेब हसले. "वर्षभराच्या कामाच्या चिठ्ठ्या आम्ही कॉम्प्युटर क्लासला दिल्या. कंपनीचं नाव नाही, माणसांची नावं नाहीत, नुसते नंबर. म्हणजे कुणाचा वशिला नाही, कुणाशी वैर नाही. जिने हे केलं ती क्लासमध्ये पहिली आली. आणि तू कितवीत?"

"दहावीत. मार्च महिना उघडा."

"साहेब, माफ करा," बाबा म्हणाले. "पोरीच्या जिभेला हाड नाही."

"बाबा, तुमच्या लिफ्टमध्ये मी नाक खुपसते का? मग!"

तिने माउस ओढूनच घेतला. दोन क्लिक, आणि खांबामागची यादी पडद्यावर आली.

"मार्च. एक नंबरवर एकोणीस तक्रारी. मार्चभर बाबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, काका. घरी बसून डाव्या हाताने रिमोट दाबत त्यांनी आम्हाला वात आणला होता. लिफ्ट काय पायाने दुरुस्त केल्या?"

साहेबांचं हसू ओसरलं. त्यांनी चिठ्ठ्यांचा मूळ गठ्ठा मागवला. तिने मार्चच्या त्या एकोणीस चिठ्ठ्या शोधून पत्त्यांसारख्या टेबलावर टाकल्या. एकीवरही फिटरचा नंबर नव्हता. घाईत लिहायचाच राहिलेला.

"कोरी जागा ठेवली की कॉम्प्युटरमधलं टेबल पुढे सरकू देत नाही, चूक-चूक म्हणून ओरडत बसतं," ती म्हणाली. "म्हणून जिथे नंबर नाही तिथे एक ठोकून दिलाय. चौकशी नाही, काही नाही. आता या कोऱ्या चिठ्ठ्या बाजूला काढते. बघा."

लाल खांब सर्रकन खाली आला. सहांमध्ये सगळ्यात बुटका.

बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

साहेबांनी पडदा बंद केला. मग बाबांना म्हणाले, "उद्या नेहमीच्या वेळेला या." आणि टेबलावर थाप मारली. "पण त्या पहिल्या नंबरवालीला सोडणार नाही! माणसाची भाकरी जात होती! आत्ताच्या आत्ता बोलवा तिला, कान उपटतो तिचा!"

ती टेबलाला वळसा घालून साहेबांसमोर जाऊन उभी राहिली, केस मागे सारले आणि कान पुढे केला.