भरून पावल्याचा कागद

सकाळी सहाला चंद्रहासनं अबुधाबीजवळच्या मुसफ्फा औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपचं शटर वर ढकललं. लतिकानं टेबलावर साठलेली लोखंडाची भुकटी ओल्या फडक्यानं पुसली. लेबर कॅम्पच्या बसमधून कारागीर उतरले. शेजारच्या गनीनं आपली फोर्कलिफ्ट न विचारताच त्यांच्या दारात आणून उभी केली. चौदा वर्षं असंच चाललं होतं. रेलिंग चंद्रहासचं, त्यातली काच गनीची आणि गनीची फोर्कलिफ्ट दोघांच्या कामाला.

मग संग्राम आला. मुख्य कंत्राटदाराकडे बिलं तोच पाहायचा. गणपतीत मोदक खायला मात्र चंद्रहासकडेच यायचा. त्यानं दोन कागद टेबलावर ठेवले. मजकूर एकच होता : कामाचे सर्व पैसे मिळाले, भरून पावलो, यापुढे कोणावरही दावा नाही. एक कागद चंद्रहाससाठी होता, दुसरा गनीसाठी. पैसे दोघांपैकी कोणालाच मिळाले नव्हते.

"आधी सही-शिक्का, मग चेक," संग्राम म्हणाला. "आणि काचवाल्याचा कागद नसेल तर हेड ऑफिस तुमची फाइलच उघडणार नाही."

"यात एक ओळ घाला ना," लतिका म्हणाली. "चेक वटल्यावरच लागू. पर्णिका सांगत होती, अमेरिकेत काही राज्यांत कायद्यानंच तसं छापून घेतात."

"लेकीला शिकू द्या तिकडं, वहिनी. हे मुसफ्फा आहे." संग्राम हसला. "दुपारी येतो. यल्ला."

चंद्रहासनं आपल्या कागदावर सही केली. लतिकाला शारजाचं काम आठवलं. तिथंही असाच कागद दिला होता. चेक परत आला, तेव्हा समोरच्या वकिलानं तोच कागद त्यांच्यापुढे सरकवला होता : पैसे मिळाल्याचं तुम्हीच लिहून दिलंय.

"आणि हाही चेक परत आला तर?"

"तर निदान गनी तरी काचेच्या पैशांसाठी आपल्या मागे लागणार नाही," चंद्रहास तिच्याकडे न बघता म्हणाला. "तीन लाख दिरहॅम आहेत, लतिका. सत्तर लाख रुपये. पोरांचे दोन पगार थकलेत. तू जा त्याच्याकडे. तुला तो नाही म्हणायचा नाही."

लतिका कागद घेऊन गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं.

"नाही म्हणाला. पैसे हातात पडल्याशिवाय शिक्का देणार नाही म्हणाला."

चंद्रहासचा चेहरा काळवंडला. "चौदा वर्षांचा शेजार! काच घ्यायची तर मीच, आणि अडवायचं तेही मलाच? खलास." त्यानं दोन माणसं लावून फोर्कलिफ्ट गनीच्या दारात परत पाठवली. दुपारी संग्राम आला, चंद्रहासचा एकटा कागद त्यानं टेबलावरच ठेवला आणि चेक न देता निघून गेला.

गनी आपल्या दारात उभा होता. परत आलेल्या फोर्कलिफ्टकडे बघत त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं. लतिका त्याच्या नजरेला नजर न देता आतल्या मोरीकडे वळली.

तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. गनीनं तो वाचलाही नव्हता. "भाभी, आप लाई हैं, फिर पढ़ना क्या?" असं म्हणून त्यानं सही केली होती, गोल शिक्का दाबून मारला होता आणि तिच्यासाठी चहा सांगितला होता.

तिनं नळ सोडला. शिक्क्याची शाई आधी पसरली, मग कागदाचा लगदा झाला. बोटांना लागलेला निळा डाग तिनं साबणानं धुतला, हात पदराला पुसले आणि याही महिन्यात पगार होणार नाही हे सांगायला ती कारागिरांकडे गेली.