डबा तपासणी

"झाकण उघडा," सेक्रेटरी म्हणाले.

सकाळी आठला कचऱ्याचे डबे दाराबाहेर ठेवून तपासून घ्यायचे, हा सोसायटीचा नियम. भाडेकरू शाकाहारीच हवा, हा दुसरा. मोडला की घर खाली करा. माधवीच्या लेकीची बारावी तोंडावर होती. कालच्या अंड्यांची टरफलं तिने दोन करवंट्यांत कोंबून सुतळीने बांधली होती. अंडी तीनच, भीती मात्र डझनाची.

कचरा नेणाऱ्या द्रौपदाबाईंनी करवंट्या उचलून हलवल्या. आत खुळखुळलं. माधवीने चौकट घट्ट धरली.

"नासका नारळ आहे," म्हणत त्यांनी डबा रिकामा केला. सेक्रेटरी पुढच्या दाराकडे वळले.

जाताना बाई पुटपुटल्या, "ताई, टरफलं पिशवीत घालून माझ्या हातात देत जा. सेक्रेटरीसाहेबांच्या घरची मी तशीच नेते."