आधी नंबर कुणाचा

वकीलसाहेबांच्या ऑफिसचं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थबकली. समोर बाकावर तिचा नवरा बसला होता, मांडीवर फाइल घेऊन.

मुलांच्या ताब्याच्या खटल्यात या साहेबांचा हात धरणारं कुणी नाही, असं ज्याने त्याने सांगितलेलं. म्हणून तर पोट दुखतंय अशी थाप मारून ती कामावरून पळत आली होती. आता खरंच दुखायला लागलं.

"दोघांची केस साहेब नाही घेणार," टेबलामागचा कारकून म्हणाला. "जो आधी, त्याची."

"मी आधी आलोय," नवरा म्हणाला.

"मी कालच फोन करून ठेवलाय." तिचा आवाज कापला, आणि तो कापलेला त्याला कळला, याचाच तिला जास्त संताप आला. हा माणूस गोड बोलून दगडाला पाझर फोडेल. साहेब त्याचे झाले की लेक गेलीच हातची.

कारकुनाने कपाळाला हात लावला. "हळू बोला, आत ऐकू जातं. बरं, मुलगी आत्ता कुणाकडे आहे?"

"त्याच्याकडे," ती म्हणाली.

"तिच्याकडे," तो म्हणाला.

ती गर्रकन त्याच्याकडे वळली.

"माझ्याकडे कशी असेल? आज शाळेतून आणायचा दिवस तुझा," ती म्हणाली.

"अगं, सकाळीच मेसेज टाकलाय. मला काम आहे, आज तू आण म्हणून."

तिने तो वाचलाच नव्हता. हल्ली ती त्याचे मेसेज उघडायचीच नाही. पुरावा म्हणून सगळे एकदम वकिलांपुढे ठेवू, असं ठरवून तिने ते तसेच साठवले होते.

शाळा तर केव्हाच सुटली होती. तिने फोन काढला. दोनदा नुसतीच रिंग वाजत राहिली. अखेर शाळेतल्या बाईंनी उचलला.

"आहे हो, माझ्याजवळच बसलीय," बाई म्हणाल्या. "मी मघाशीच तुम्हाला फोन लावत होते. पण ती लावू देईना. माझा हातच धरून ठेवलाय."

"का?"

बाईंनी आवाज खाली आणला. "म्हणते, आईला केला तर बाबा चिडतात, बाबांना केला तर आई रडते. कुणालाच करू नका. मी बसते इथेच."

नवरा अगदी जवळ येऊन उभा राहिला होता. त्याची फाइल बाकावरच राहिली होती. "काय झालं? बरी आहे ना ती?"

तिने फोन त्याच्या कानाला लावला.

"बाई," ती कशीबशी म्हणाली, "परत एकदा सांगा."