मॅचचा शनिवार

व्हर्ना मंगळवारी गेली. गुरुवारी तिचा नवरा हॉलिस चर्चच्या ऑफिसात पाळकांसमोर बसला होता. सकाळपासून तेच तेच ऐकून त्याचे कान किटले होते.

"मिस्टर हॉलिस, शनिवारी कसं जमायचं? आपल्या कॉलेजची फुटबॉल मॅच, तीही आपल्याच मैदानावर. अशा शनिवारी या गावात कोणी लग्नसुद्धा ठेवत नाही आणि तुम्ही अंत्यविधी ठेवताय!"

"ठेवतोय."

"अहो, सकाळी सातपासून रस्ते बंद. चर्चच्या अंगणात बाहेरगावच्या गाड्या. शवपेटी उचलायला चार माणसं मिळायची नाहीत. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचा मुलगा कॉलेजच्या बँडमध्ये, त्या तिकडे मैदानावर. आणि खरं सांगू? मीसुद्धा..." पाळक ओशाळले. "रविवारी दुपारी ठेवू. अख्खं गाव लोटेल. व्हर्नाबाईंच्या हातची पीच फळाची गोड पाई न खाल्लेला माणूस आहे का इथे?"

हॉलिसने नकारार्थी मान हलवली.

"बरं, तुमचं काय? एकेचाळीस वर्षांत तुमची एक मॅच चुकलेली नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कुबड्या घेऊन आला होतात! शनिवारी अंत्यविधीला येणार कोण, सांगा बरं?"

"मी," हॉलिस म्हणाला. कॉलेजची लाल टोपी मांडीवरून उचलून तो जड पावलांनी दारापर्यंत गेला आणि थांबला.

"मागच्या शनिवारी मी मॅचला निघालो तेव्हा ती म्हणाली, आज राहा ना घरी. मी म्हटलं, पुढचा शनिवार तुझा."