राहतं घर

"काकू, आलो बरं का," म्हणत सोमेशनं दारातली रांगोळी ओलांडली. "हे आनंदराज, एसटीच्या ऑफिसात हायेत. अन् ह्या प्रियदर्शनी मॅडम, सरकारी दवाखान्यात. निलंग्याहून बदली झालीय."

गोदावरीबाईंनी हातातली पोथी मिटली. संकष्टी होती, देवापाशी उदबत्ती जळत होती. "या, बसा. एजंटाच्या घाईनं घर बघू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

लातूरच्या ट्यूशनच्या भागातली ती इमारत. बाकीच्या फ्लॅटांत बाहेरगावच्या गुंतवणूकदारांनी कॉट टाकून विद्यार्थी ठेवले होते; जिन्यात नुसता बुटांचा ढीग. हाही फ्लॅट तसाच घ्यायला नांदेडचा एक जण टपलेला होता. आज ह्या दोघांनी हो म्हटलं नाही तर संध्याकाळी त्याचा चेक येणार होता. सकाळी पूजेला बसताना गोदावरीबाईंनी गणपतीपुढं एकच मागणं घातलं होतं, घर बायकापोरांच्या संसाराला मिळू दे.

प्रियदर्शनी स्वयंपाकघरात शिरली. ओट्यावरून तिनं हात फिरवला.

"इथं सकाळी छान ऊन येतं," गोदावरीबाई म्हणाल्या. "डाळ निवडायला दिवा लागत नाही."

"अन् ही खिडकी केवढी मोठी."

"अशाच खिडकीत बसून माझा श्रीनाथ पाढे म्हणायचा. एकोणतीसचा आला की हमखास तहान लागायची त्याला." त्या स्वतःशीच हसल्या. "टंचाईच्या वर्षी तर गल्लीतल्या आम्ही बाया टँकरची वाट बघत रात्र रात्र बसायचो. घागरी रांगेत अन् गप्पा रंगात. दोन सोयरिकी जुळल्या त्या रांगेत. आता नळाला पाणी आहे, पण शेजारीण कोण ते माहीत नसतं."

"श्रीनाथ आता कुठं असतात?"

"बेंगळूरला. अठराव्या मजल्यावर घर घेतलंय. फोन करतो बिचारा."

बाहेर आनंदराज सोमेशशी भाव करत होता. "बँकेचं कर्ज मंजूर हाय, पण हप्ता माझ्या पगाराला झेपला पाहिजे. समोरचा फ्लॅट दोन लाखांनी स्वस्त देतायत."

"तो बंद हाय साहेब. हे राहतं घर हाय. फरक न्हाई का?"

"कागद?"

"बँकेच्या वकिलानं बघितलेत की. मालकसाहेबांच्या नावावर हायेत. रजिस्ट्रीला ते पुण्याहून येतील."

आनंदराज आत आला. मग बायकोला म्हणाला, "समोरचाच घेऊ का? दोन लाखांत रंग, फर्निचर सगळं होतंय."

"मघाशी त्यात पाय टाकला अन् मला दवाखान्यातल्या बंद खोलीसारखं वाटलं," प्रियदर्शनी म्हणाली. "इथं माणूस राहिलंय, हे कळतं हो."

गोदावरीबाई चहाचं आधण ठेवायला वळल्या. प्रियदर्शनी त्यांच्याजवळ आली, आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, तुम्ही आमचं आडनाव नाही विचारलं. मागं दोन ठिकाणी आडनाव सांगितलं अन् फ्लॅट एकाएकी विकला गेलेला निघाला."

"मला साखर किती घालू, ते विचारायचंय."

प्रियदर्शनीचे डोळे भरले. समोरच्या भिंतीकडं बघत ती म्हणाली, "बाबासाहेबांचा फोटो तिथं शोभेल."

"शोभेल. सकाळचं पहिलं ऊन तिथंच पडतं."

"हे सगळं सोडताना जीव तुटत असेल ना?"

गोदावरीबाईंनी गॅलरीतल्या तुळशीकडं पाहिलं. "कुणी बघायला आलं की दर वेळी तुटतो. पण घर रिकामं पडण्यापेक्षा ते बरं."

चहा संपायच्या आत आनंदराजनं इसार दिला. जाताना प्रियदर्शनी वाकून पाया पडली. "मुलांना घेऊन येते. त्यांना इथले जुने दिवस सांगाल?"

"सुखी राहा," एवढंच त्या म्हणाल्या.

दोघांना खाली सोडून सोमेश वर आला तेव्हा गोदावरीबाई देव एकेक करून मऊ कापडात गुंडाळत होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

"ऐकलं तुमच्या गणपतीनं," सोमेश म्हणाला. "चंद्र दिसला की उपास सोडा. उद्या सकाळी टेम्पो पाठवतो, नांदेडला पुढच्या फ्लॅटवर पोचवंल."

"तिथं खिडकी आहे का रे?"

"हाय. मालक दुबईत असतो. ह्या फ्लॅटच्या पुण्याच्या मालकावाणीच, घेतल्यापासून त्योबी तिथं एक रात्र राहिला न्हाई." त्यानं नवी किल्ली त्यांच्यापुढं ठेवली. "रविवारी गिऱ्हाईक येतंय, काकू. तोवर तुम्ही तिथं वीस वर्षं राहिल्यासारखं दिसाया पाहिजे."