सपाट जमिनीवर

श्यामलालने पायाने सेल्फचं बटण दाबलं. घुर्र, घुर्र, आणि

पुन्हा दाबलं. घुर्र, आणि

तिसऱ्या वेळी पाय बटणापर्यंत नेला आणि उचलून घेतला. बॅटरी जपायची होती.

"काऊन रे, लाजून राहिली का तुही गाडी?" खळ्याच्या कडेला खाटेवर बसलेल्या जमुनाबाईने विचारलं.

"लाजणारच काकी. नवे दागिने घातले तिले."

दागिने म्हणजे दोन केबली. गोंदियाच्या कबाड्याकडून आणलेल्या, तांब्याच्या, अंगठ्याएवढ्या जाड. जुन्या करंगळीएवढ्याही नव्हत्या. सेल्फ मारला की हाताला चटका बसेल इतक्या तापायच्या आणि इंजिन जागचं हलायचं नाही. श्यामलालने नव्या केबलींच्या टोकांना तांब्याची नळी ठोकून बसवली, कथील ओतलं, बोल्टासाठी भोकं पाडली. एक केबल बॅटरीपासून सेल्फला. दुसरी बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला.

गाडी लढाईत राबलेली, लिलावात घेतलेली पिकअप. हँडल फिरवून सुरू करावी, तर ते अडकवायची खाच झिजून गुळगुळीत झालेली. ती फक्त उतारावरून सुरू व्हायची. धानाच्या या सपाट मुलखात उतार एकच, तलावाची पाळ. पाळीवरून सोडायची, इंजिन लागलं की दिवसभर बंद करायचं नाही. बाजारात नाही, गिरणीवर नाही. जेवणही गाडीशेजारी, उभ्यानेच.

पण पाळ जमुनाबाईच्या सासरच्यांनी बांधलेली. चाकांनी तिच्या अंगावर दोन घळी पाडल्या होत्या. तलाव भरला की पाणी आधी तिथूनच फुटणार, हे तिला दिसत होतं.

म्हणून आज गाडी पाळीखाली, खळ्यावर.

"इथून सुरू झाली तं तुही," तिने सांगून टाकलं होतं. "नाही झाली तं माह्या पाळीवर चढाचं नाही. कबाड्याले देऊन टाक."

"मंग तुमचं धान आमगावले कोण नेईल?"

"बैल नेतील. तुह्या आंधी बैलच होते."

तिचा मुलगा पुनाराम बैलजोडी घेऊन गाडी ओढायला हजर होता. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "जुंपू का, श्यामलालभाऊ?"

"जुंप. पण सावलीत उभे कर. बैलाईले आज काम नाही."

श्यामलाल गाडीखाली शिरला. केबलीवर हात फिरवला. थंड. सेल्फकडचं टोक, थंड. बॅटरीकडचं टोक, थंड. सांगाड्यावरचा बोल्ट

"हाय!"

त्याने बोट तोंडात घातलं. बाहेर आला तेव्हा तोही हसत होता. "केबल सोन्यासारखी हाये. खोट त्या बोल्टात हाये."

पान्याने बोल्ट आवळला. आणखी आवळला. बटण दाबलं. घुर्र, आणि

जमुनाबाई खाटेवरून उठली. कंबरेवर हात ठेवून वाकली आणि बोल्टाकडे बघत राहिली.

"हे हिरवं काय हाये?"

"रंग. दरसाल दसऱ्याले देतो. पूजेच्या आंधी."

"जुना खरडून?"

"खरडाचा कायले? चढवतो वरून."

"अन् त्याच्यावर हे जाडजूड बांधलं?"

श्यामलालने नखाने रंग टोकरला.

"पाळीवर नवी माती टाकाची असंल," जमुनाबाई म्हणाली, "तं आमी आंधी जुनं गवत सोलतो. माती उघडी करतो. नाही तं नवी माती जुनीले धरत नाही. वरून पाळ मोठी दिसते, अन् पाणी मधातून निघून जाते."

"काकी, हे लोखंड हाये. पाळ नोहे."

"मंग नको सोलू. बैल जुंपलेच हायेत."

श्यामलालने एकदा बैलांकडे पाहिलं, एकदा बोल्टाकडे. मग हात पुढे केला. "विळा द्या."

तिने छपरात खोवलेला विळा काढून दिला. बोल्ट सुटला. विळ्याखाली हिरवा रंग निघाला, त्याखाली आणखी हिरवा, त्याखाली निळा, सगळ्यांत खाली लष्करी मातकट. त्याच्याही खाली गंज.

"झालं," श्यामलाल म्हणाला.

"आणखी."

"चमकलं ना, काकी."

"खरवड म्हणते ना."

लख्ख लोखंड उघडं पडेपर्यंत तिने त्याला उठू दिलं नाही. मग विजेच्या वाटेत रंग न उरलेल्या त्या लोखंडावर केबलीचं टोक बसलं आणि बोल्ट आवळला गेला.

या वेळी पाय बटणावर पडला आणि इंजिन गरकन फिरलं आणि एकदा खोकून धडधडायला लागलं आणि निळा धूर खळ्यावर पसरला आणि कोंबड्या छपरावर गेल्या आणि बिचकलेले बैल पुनारामला ओढत शेताच्या धुऱ्यापर्यंत गेले आणि श्यामलाल स्टिअरिंगवर थापा मारत ओरडत होता आणि जमुनाबाई त्याच्याहून मोठ्याने ओरडत होती, "ने! सडकेवर ने! बंद पडाच्या आंधी ने!"

श्यामलालने गाडी नेली नाही.

चहूकडे सपाट जमीन होती. त्याने हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.

"अरे अरे अरे!" धुऱ्यावरून पुनाराम ओरडला.

श्यामलाल खाली उतरला. माठातल्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले. गाडीकडे पाठ करून खळ्यावर मांडी घातली.

"भात वाढा, काकी," तो म्हणाला. "आज बसून जेवतो."